पुणतांब्याची मावशी बंद झाली

रेडिओ बंद पडला त्या दिवशी अख्खं पुणतांबं तोंड पाडून बसलं हुतं, अन् म्या देवापुढं साखर ठेवली. खोटं कशाला सांगू? आनंद झाला मला. लई आनंद झाला. सुटले बाई एकदाची, असं मोठ्यानं म्हनले मी चुलीपुढं, ऐकायला घरात कोनी नव्हतं तरी.

तसा रेडिओ बंद पडला न्हाई म्हना. आवाज येतोच हाय, पन आपला न्हाई. नगरला सावेडीत त्यांचं हाफिस हुतं, रेडिओ नगरी. एक टॉवर नगरात अन् एक श्रीरामपूरच्या अंगाला, म्हनून आमच्याकडं खनखनीत लागायचा. तो मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीनं इकत घेतला, अन् पयल्या झटक्यात इथली बोलनारी पोरं-पोरी घरी बसवली. आता मुंबईत एकजन बसतो अन् साऱ्या देशाशी एकदम बोलतो. इकडं उन्हानं आमची टाळकी तापलेली, अन् तो हिंदीत सांगतो, बाहर बारिश का मौसम है, पकोडे खाइए. मुंबईत आलं असंल चार शितोडं! काकासाहेबाच्या हाटेलात दिवसभर रेडिओ चालायचा, त्यानं तो काढून पोत्यात घातला. म्हनला, "ह्याचं ऐकून माझं दूध नासतं."

आता मला आनंद का झाला ते सांगते.

सकाळी त्या रेडिओवर अलीम नावाचा पोरगा बोलायचा. भिंगारचा. कांद्याचा बाजार काय निघाला, नगरमधी कोन्या भागात आज नळाला पानी येनार, कुठला रस्ता उकरलाय, सगळं सांगायचा. त्याच्यावर माझा राग नव्हता. राग हुता तो मावशीवर. रोज त्याला एक फोन यायचा अन् एक म्हातारी सुरू व्हायची. "अगं बया बया बया! अलीम बाळा, मी पुणतांब्याची मावशी बोलती!" मंग सुनेची गाऱ्हानी, शेजारनीच्या उखाळ्यापाखाळ्या, कोनाच्या लग्नात कोन किती जिलेब्या हानून गेलं. जिल्हा हसून हसून लोळायचा.

अन् आमच्या गावाचं म्हननं, ती मावशी म्हंजी मी!

का? तर ती मावशी सुरू व्हायच्या आधी म्या एकदा खरंच त्या रेडिओला फोन लावला हुता. त्यांनी प्रश्न इचारला, म्या उत्तर दिलं, स्टीलच्या डब्यांचा सेट जिंकला. गावानं माझा आवाज ऐकला. माझा आवाज जल्मापासून बसका. म्हैना झाला न्हाई तर ही मावशी बोलायला लागली, तिचा बी आवाज बसका, अन् गाव बी हेच. झालं! काकासाहेबानं हाटेलात जाहीर करून टाकलं, ही आपली पुष्पावती काकू. म्या म्हनलं, न्हाई रे बाबा. तर डोळा मारून म्हनतो, "कळतंय काकू, तुमाला न्हाईच म्हनावं लागनार." जितकं मी न्हाई म्हनले तितकी पक्की मावशी झाले. शप्पत घेतली तरी हसायचे. शेजारनी माझ्यापुढं बोलंनाशा झाल्या. पानवठ्यावर मी गेले की एकमेकींना कोपरं मारायच्या, "गप गं, उद्या रेडिओवर जाईल." वान्यानं मला नासका गूळ द्यायचा बंद केला, तेवढाच काय तो फायदा.

एकदा तर एष्टीनं सावेडीला जाऊन आले. गेटवरचा मानूस म्हनला, मावशी कोन हाय ते सांगायला कंपनीची बंदी हाय. म्या म्हनलं, "मला ती कोन हाय ते नको सांगू, ती मी न्हाई एवढं तरी कोनी तरी बोला!" त्यानं मला गार पानी पाजलं अन् वाटेला लावलं.

हे सगळं म्या हसून सोडलं असतं. गावाला काय, कोनी तरी लागतंच चघळायला. पन ह्या मावशीपायी माझी सून गेली. मरन न्हाई हो, तसलं काई न्हाई. घरातून गेली, अन् माझ्याशी बोलायची बंद झाली.

सुरेखा तिचं नाव. पाथर्डीकडची, दुष्काळी भागातली. आई-बाप ऊसतोडीला जायचे, ही पोर लहानपनापासून फडावर वाढलेली. अंगानं काडी पन कामाला वाघीन. माझ्या पोराला, श्रीमंतला दिली तवा गाव म्हनलं, कोयत्यावाल्याची पोर केली. म्या म्हनलं, तुमच्या पोरींना भाकरी थापता येती का ते बगा आधी. मला लेक न्हाई. ही आली अन् मला बोलायला मानूस मिळालं. आमी दोघी एका ताटात जेवायचो, श्रीमंत आपला बाजूला बसून वाढून घ्यायचा. इतकं गूळपीठ हुतं आमचं.

तीन वर्सामागं धोंड्याचा महिना आला. धोंड्यात जावयाला बोलवायचं, पुरनाचे धोंडे करून घालायचे, अन् अनारसे, दिवा, ताम्हन असं वान द्यायचं, ही रीत. सुरेखाचा बाप बिभीषण, त्यानं जावयाला चांदीचं ताम्हन दिलं. म्या बघितलं अन् चकितच झाले. सुरेखाची तर मान एवढी उंच झाली. गल्लीत चार बायकांना दाखवून आली.

पुढं दोन-चार दिवसांनी आमी दोघी मागच्या अंगनात भांडी घासत हुतो. ताम्हनावर तेल सांडलं हुतं. तिनं चिंच लावून जरा जोरानं घासलं, अन् पांढरं निघून गेलं. खालून पिवळंधमक पितळ. पोरीचं तोंड उतरलं. म्हनली, "आत्या, दादाला फसवलं हो कोनी तरी." बापाला ती दादा म्हनायची. "त्याला कळलं तर जीव देईल तो." म्या तिच्या हातातून ताम्हन घेतलं, फडक्यात गुंडाळलं अन् माझ्या पेटीत तळाला घातलं. म्हनलं, "तू बघितलं न्हाई, म्या बघितलं न्हाई. श्रीमंतला बी सांगायचं न्हाई." अन् म्या कोनाला सांगितलं न्हाई. माझी जीभ तिखट हाय, पन फुटकी न्हाई.

अन् आठ दिवस गेले नसतील, रेडिओवर ती भवानी बोलली! "अगं बया बया बया! अलीम बाळा, इवायानं धोंड्याला चांदी दिली रे, घासली तर खाली पितळ! आता मी इवायाला घासू का चांदीला?"

सुरेखा पोळ्या लाटत हुती. मोबाईल खिडकीत लावलेला. हाटेलात लोकं हसली ती घरात ऐकू आली. तिनं लाटनं खाली ठेवलं, अन् माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आजूनबी इसरता येत न्हाई. म्हनली, "माह्या बापाला तुमी जिल्ह्यात नागडं केलं." म्या म्हनलं, अगं बाई, मी इथं तुझ्यापुढं बसलेली हाय, मी कशी बोलंल तिकडं? तर म्हनली, आवाज आधीच भरून ठिवत्यात सगळा, काकासाहेब सांगत हुता. आता ह्याच्यावर काय बोलावं मानसानं?

त्याच आठवड्यात ती अन् श्रीमंत मळ्यात पत्र्याच्या खोलीत ऱ्हायला गेली. श्रीमंतचं म्हनाल तर, बायकोपुढं बी मान हालवायचा अन् माझ्यापुढं बी. वेगळी चूल झाली. तिकडं तिच्या बापानं बी पुणतांब्याला यायचं बंद केलं. आधी दर तोडीहून परतताना यायचा, नातीला रेवड्या आनायचा. आता फोनवर दोन शब्द, बास. सुरेखाला वाटायचं, बापाला कळलं, माझ्या सासूनंच कळवलं. तीन वर्सं ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. मी मळ्यात गेले की ती गोठ्यात जायची. मला दुसरं काई नको हुतं हो. मला तिनं फक्त बोलायला पायजे हुतं, भांडायला तरी.

म्हनून रेडिओ बंद झाला तवा म्या साखर ठेवली. आता निदान रोज सकाळी जखमेवर मीठ तरी पडनार न्हाई. अन् गावाची तऱ्हा बघा! माझ्याकडं लोकं भेटायला यायला लागली. मयताला येतात तशी. "काकू, वाईट झालं. तुमच्या पोटावर पाय दिला मुंबईवाल्यांनी." एक जन तर इचारतो, फंड मिळाला का? म्या त्याला पायरीवरूनच हाकलला.

मंग काकासाहेबाच्या डोक्यात सत्कार शिरला. आमच्या गावाला सत्काराचं लई येड. पोरगं धावीला पास झालं सत्कार, रस्त्याला खडी पडली सत्कार. काकासाहेब म्हनला, ज्यानं पुणतांब्याचं नाव जिल्हाभर केलं त्या अलीमचा सत्कार करायचा, अन् त्याच्याशेजारी खुर्ची टाकून आपल्या मावशीचा. शाल, श्रीफळ, फेटा. बोर्ड लागला. बोर्डावर माझा फोटो! रेशनकार्डाचा फोटो कुठून मिळवला मेल्यानं कोन जाने, मी त्यात चोरावानी दिसत हुते.

पयल्यांदा म्या म्हनलं, मी येत न्हाई, काय करायचं ते करा. मंग चुलीपुढं बसून इचार केला. मावशी कोन हाय ते ह्या जगात एकाच मानसाला ठावं, त्या अलीमला. अन् आता तो कंपनीचा नोकर ऱ्हायला न्हाई. आता कसली बंदी? गावापुढं त्यानं नुस्तं म्हनावं, ही ती न्हाई. सुरेखा ऐकंल. न्हाई ऐकलं तर मी काय, तशीच मरंन.

कार्यक्रम शाळेच्या पटांगनात, संध्याकाळी. त्याआधी पाव्हन्याचा चहा काकासाहेबाच्या घरी. मी गेले. अलीम बसला हुता. मला वाटलं हुतं चांगला दांडगा गडी असंल, तर हा बारकासा, चष्मा, शर्टाची बटनं गळ्यापतूर लावलेली. मला बघून उठून उभा ऱ्हायला. काकासाहेब दूध आनायला आत गेला तवा तो हळूच म्हनला, "आजी, तुम्हीच का त्या? गाव म्हणतं ती मावशी?"

म्या म्हनलं, "गाव म्हनतं. अन् तू काय म्हनतो?"

तो हसला. म्हनला, "आजी, मी काहीच म्हणत नाही. मला काकासाहेबांनी फोनवर सांगितलं तेव्हा आधी कळेचना. मग म्हटलं, जाऊ दे. इतकी वर्षं लोकांनी तुम्हाला मान दिला, आता मी येऊन कशाला मोडू? तुम्ही शाल घ्या. मी व्यासपीठावर तुमच्या पाया पडतो आणि म्हणतो, ह्याच आपल्या मावशी. माझं काय जातंय? माझी नोकरी तर गेलीच आहे."

पोरगं चांगल्या मनानं बोलत हुतं. मला देनगीच देत हुतं की ते! अन् माझं डोकं असं सनकलं की इचारू नका. म्या कपबशी खाली आपटली. "ए बाबा! मला तुझी शाल नको! मला माझी सून पायजे!"

तो घाबरलाच. मंग म्या सगळं सांगितलं. चांदीचं नाव तेवढं घेतलं न्हाई, ते पेटीच्या तळाशीच ऱ्हाऊ दिलं. म्हनलं, तुझी मावशी एक गोष्ट बोलली, माझ्या सुनंला वाटलं मी बोलले, तीन वर्सं झाली घर मोडून. काकासाहेब दुधाचं पातेलं घेऊन दारात उभा, त्याचं तोंड उघडं. अलीमनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हनला, "आजी, मला काय माहीत हो? चला."

"पन ती मावशी आनली का तू?" म्या इचारलं. "तिला उभी कर माझ्यापुढं."

"आणली आहे," तो म्हनला.

पटांगनात जत्रा भरल्यावानी मानसं. आमच्या दोघांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. म्या मान वर करून बघितलं तर लांब, हापशापाशी, श्रीमंत उभा अन् त्याच्यामागं सुरेखा. नातीला कडंवर घेतलेली. आली हुती. सासू शाल कशी मिरवती ते बघायला आली असंल.

काकासाहेबानं भाषान केलं. त्याला आता ठावं हुतं काई तरी घोळ हाय म्हनून, तरी छापील भाषान सोडवंना त्याला. "ज्यांच्या आवाजानं आपलं गाव..." वगैरे. मंग शाल घेऊन माझ्याकडं वळला. म्या हात जोडले अन् उठले न्हाई. लोकांना वाटलं म्हातारी लाजली. टाळ्या.

तवा अलीम उठला. माईक हातात घेतला. म्हनला, "गावकरी मंडळी, ही शाल मी आजींच्या खांद्यावर टाकू देणार नाही. ह्या मावशी नाहीत. ह्यांचा-माझा आज पहिल्यांदा चेहरा दिसतोय एकमेकांना." लोकं हसली. काय नाटक करतो, म्हनली. म्हातारीनंच शिकवलं असंल.

मंग त्यानं माईक तोंडाला चिकटवला, अन् त्या बारक्या चष्मेवाल्या पोराच्या तोंडातून आवाज आला, "अगं बया बया बया! अलीम बाळा, मी पुणतांब्याची मावशी बोलती! मेल्यांनो, त्या गरीब बाईला कशाला खुर्चीत बांधून ठिवलं रे?"

पटांगन गार झालं. कोनी हसंना. एक म्हातारा म्हनला, "आरं, हा तर बाप्या हाय!" अन् मंग जो गलका झाला! पोरं शिट्ट्या मारायला लागली, बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या, काकासाहेब शाल हातात धरून तसाच. कोनाच्या खांद्यावर टाकावी ते कळंना त्याला. अलीमनं सांगितलं, लहानपनी आईसंगं आजोळी मनमाडला जाताना गाडी पुणतांब्याला थांबायची, तिथं नळावर बायका भांडायच्या, ते त्याच्या कानात बसलं. कंपनीनं सही घेतली हुती की मावशी तोच हाय हे कोनाला सांगायचं न्हाई. "आता कंपनीनं मला सोडलं, म्हणून मी मावशीला सोडलं," म्हनला.

माझा जीव भांड्यात पडला. काय सांगू, डोक्यावरून पाटी उतरावी तसं झालं. मी खुर्चीतूनच मोठ्यानं ओरडले, "ऐकलं का रे? आं? ऐकलं का?" पन माझे डोळे हापशाकडं.

सुरेखा तिथं नव्हती.

मी उठले तर ती गर्दीतून पुढं येत हुती. पोर श्रीमंतकडं दिलेली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. नीट अलीमपुढं जाऊन उभी ऱ्हायली. बायकांनी वाट दिली. मला धसकाच बसला, कारन तिच्या तोंडावर काय हाय ते मला कळलं. आवाज त्याचा असंल, पन गोष्ट तर सासूनंच सांगितली असंल ना? ते तर काई मिटलंच नव्हतं. माझ्या टाळक्यात हे कसं आलं न्हाई?

"अलीमभाऊ," ती म्हनली. "मागल्या धोंड्याला मावशी चांदीचं बोलली हुती. घासलं तर पितळ निघालं म्हनून. ते तुमाला कोनी सांगितलं?"

अलीम म्हनला, "कोणी म्हणून सांगू, ताई? आमच्यात धोंडा नसतो. तो काय असतो ते सुद्धा मला एका नेवाशाच्या ताईंनी फोनवर समजावून दिलं. आणि त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, नाव घेऊ नका दादा, वडिलांनी दिलेलं निरांजन खोटं निघालं, सासरी कसं सांगू? मग शेवगावहून फोन आला. मग राहुरीहून, कोपरगावहून. महिनाभर तेच. कोणीतरी व्यापारी बाजारोबाजार ती भांडी विकत फिरत होता. प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त माझ्याच घरात झालंय. म्हटलं मावशीच्या तोंडून एकदा हसू दे सगळ्यांना, म्हणजे हलकं वाटेल. कोणाला लागलं असेल असं डोक्यातच आलं नाही. चुकलं असेल तर माफ करा."

तेवढ्यात शेजारी उभी असलेली पाटलांची थोरली सून, गळ्यात एवढं सोनं घालून हिंडनारी, खाली बघून म्हनली, "माझं बी निघालं. माझ्या भावानं दिलेलं." कोनी तरी मागून म्हनलं, "आमचा दिवा बी." मंग तिसरी, मंग अजून एक. "मी देवघरात मागं सारून ठिवलंय." "मी माळ्यावर टाकलं." सगळ्या आपापल्या बापाची लाज पदराखाली झाकून बसलेल्या! एकीला बी दुसरीचं ठावं न्हाई. आधी हळू बोलत हुत्या, मंग हसायला लागल्या, अन् हसता हसता एक-दोघींनी डोळे पुसले.

सुरेखा तशीच उभी. मंग वळली अन् माझ्याकडं बघितलं, तीन वर्सांनी, नीट. म्या म्हनलं, "चल घरी."

ती मळ्यात गेली न्हाई. माझ्यामागं माझ्या घरी आली. श्रीमंत मागं, पोर त्याच्या खांद्यावर झोपलेली. आत येऊन सुरेखा उंबऱ्याजवळच खाली बसली, मोबाईल काढला अन् बापाला लावला. आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हनून. मी पान्याचा तांब्या घेऊन तशीच उभी ऱ्हायले.

तिनं सगळं सांगून टाकलं. बापाला न कळावं म्हनून तीन वर्सं गिळलेलं सगळं, एका दमात. ताम्हन पितळी निघालं, आत्यांनी पेटीत लपवलं, आत्यांनी कोनाला सांगितलं न्हाई, मावशी कोनी भलताच निघाला, मीच आत्यांवर राग धरून ऱ्हायले. मी तिला हातानं खुनावत हुते, अगं थांब, त्याला कशाला सांगती, जीव देईल म्हनली हुतीस ना! ती कुठली थांबती?

मंग बिभीषण बोलला.

"माय," तो लेकीला म्हनला, "ते पितळ हाय ते मला ठावं हुतं. दुकानातच ठावं हुतं. चांदी कुठून आनू मी? जावयाच्या हातावर मोकळं पान ठिवायचं जिवावर आलं, म्हनून उचललं."

सुरेखा म्हनली, "मंग दादा, येनं का बंद केलं?"

"कुठल्या तोंडानं येऊ? इहीनबाईंनी वळखलं. रेडिओवर बोलल्या. मलाबी तेच वाटलं, साऱ्यांसारखं." मंग म्हनला, "पन माय, एक हाय. माहं नाव घेतलं न्हाई त्यांनी. सारा जिल्हा हसला, पन बिभीषण म्हनून कोनाला कळू दिलं न्हाई. तुही आई शिव्या द्यायला लागली की मी तिला रोज सांगायचो, बाई चांगली हाय, तिनं माही अब्रू ठिवली."

आता मला सांगा. ज्यानं मला गुन्हेगार धरायचं, तो मानूस तीन वर्सं तिकडं कोरड्या माळावर बसून माझे उपकार मानत हुता. माझ्या हातातला तांब्या कलंडला, पानी सगळं पायावर. म्या पोरीच्या हातातून फोन हिसकावला.

"ओ इवाई!" मी ओरडले. "लाज न्हाई वाटत? एका ताम्हनापायी तीन वर्सं आला न्हाई व्हय? तुमाला चांदी मागितली हुती का कोनी? लेक दिली ना माझ्या घरात, ती काय पितळेची निघाली का? नात तुमची एवढी वाढली, तिला आजोळ म्हंजी काय ते ठावं न्हाई! उद्या निघायचं. उद्याच्या उद्या. मी धोंडे करती, यंदा जावयाला ऱ्हाऊ द्या बाजूला, मी इवायाला जेवायला घालती. मोकळ्या हातानं यायचं. हातात काई दिसलं तर फाट्यावरून परत पाठवीन!"

श्रीमंत हसायला लागला. त्याला बघून मी बी. तिकडून पन काई तरी आवाज आला, हसला का रडला ते कळलं न्हाई.

"येऊ का मंग खरंच?" बिभीषण म्हनला. "इहीनबाई, राग तर न्हाई ना?"

"राग हाय! लई हाय! समोर येऊन ऐका!"

सुरेखानं हळूच माझ्या हातातून फोन काढून घेतला. डोळे पुसले. "दादा," ती म्हनली, "सकाळच्या पयल्या एष्टीनं निघा. पुणतांबा फाट्यावर उतरा. मी अन् आत्या येतो घ्यायला."

मी काई बोलले न्हाई. बोलले असते तर हंबरडाच फुटला असता, अन् इवायाला ऐकू गेलं असतं.